दिवसाची लाईट

आमच्या गावात सून बघताना रंग बघतात, स्वयंपाक बघतात. खरं तर आवाज बघायला हवा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत बाबा टोमॅटोला पाणी भरायला मळ्यात जात आणि आई ओट्यावर बसून थोड्या थोड्या वेळानं हाक मारी, "अहोऽऽ!" अंधारातून उत्तर यायचं, "हाये गंऽऽ!" मग पलीकडच्या मळ्यातली बाई तिच्या नवऱ्याला हाक मारायची. उसात बिबट्या होता. आधी त्यानं वस्तीवरचं कुत्रं नेलं, मग वासरू. त्यापुढचं कुणी बोलत नसे.

मी नाशिक रोडला नोकरी करते. हाका कशाला, फोन लावत जा म्हटलं, तर आई म्हणे, "फोन खिशात वाजल. मला त्यांचा आवाज पाहिजे."

गायरानावर सोलर पॅनल बसवून सगळ्या शिवाराला दिवसाच लाईट देणार, असं ठरत होतं, तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं काय! गायरानात थोरल्या काकांच्या शेळ्या चरत. मी सुट्टीवर आले होते तेव्हाच्या ग्रामसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "मग माझ्या शेळ्यांनी काय काचा खायच्या?" लोक हसले. बाबा मान खाली घालून बसले. भावकीत वाकडं नको, एवढंच त्यांना कळतं. मला त्यांचा इतका राग आला, की तिथेच काहीतरी बोलून बसले असते.

पण उठली आई. भर सभेत थोरल्या दिरासमोर ती कधी तोंड उघडत नसे. म्हणाली, "भाऊजी, सांजच्याला एक शेळी कमी भरली तर तुम्हाला जेवण जात नाय. आम्ही बाया रातभर माणसं मोजतो. माझं खोटं वाटत असंल तर जाऊबाईंना विचारा."

सगळ्यांनी काकूकडे पाहिलं. तिची दोन्ही मुलं रात्री पाणी भरायला जायची. ती एवढंच म्हणाली, "खरं हाय ते."

काकांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "वढ्याकडची बाजू शेळ्यांना सोडा. बाकीच्यात बसवा काय बसवायचं ते."

पॅनल बसायला वेळ लागला, अडचणीही आल्या, पण बसले. रात्रीची पाळी बंद झाली त्या आठवड्यात मी रजा टाकून घरी गेले. भर दुपारी मोटर चालू होती. बाबा टोमॅटोच्या सरीत उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, घरातून स्पष्ट दिसत होते. आई पिठाचे हात घेऊनच ओट्यावर आली आणि तिनं हाक मारली, "अहोऽऽ!"

बाबा वैतागले. "अगं, लख्ख ऊन पडलंय! दिसतोय ना मी?"

"दिसताय," आई म्हणाली. "तरी ओ द्या."

बाबांनी फावडं खाली ठेवलं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडले, "हाये गंऽऽ!"

आई हसली, आणि तिथेच ओट्यावर बसून रडायला लागली.