खिळ्यावरची रिंग

इंजिन सुरू केलं की तो लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक त्याला टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. बघणाऱ्याला वाटावं, याला डुलकी लागली. मग डोळे न उघडताच म्हणायचा, "चालून राह्यली ना? मंग कायले खोलता?"

आर्णीत दिग्रसच्या रस्त्याला टिनाच्या छपराखाली त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणायचो. दिसलं इंजिन की लाव पाना, असे मिस्त्री तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. हा त्यांतला नव्हता. खोलायचं नाव काढलं की हा बाकावर टेकायचा आणि मोठा उसासा टाकायचा.

मी तेव्हा ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. कागदांवरचे शिक्के बदलले, रस्ते मात्र तेच राहिले. गावोगाव सायकल हाणत ढोरांना टोचत फिरायचं आणि संध्याकाळी पाय गरम पाण्यात घालून बसायचं, असं माझं आयुष्य चाललं होतं. म्हणून एका जंगल ठेकेदाराच्या गोठ्यात सहा वर्षं पडलेली, लढाईच्या काळातली मोटारसायकल मी मागून आणली. तिच्या टाकीत उंदरांनी संसार मांडला होता.

मिस्त्रीनं टाकी धुतली, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो साफ केला, आणि गाडी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. पण आतून ठक-ठक येत होती.

"खोला," मी म्हणालो.

त्यानं पेचकस कानाला लावला. "मरत नाई थे. म्हातारं झालं, खोकलून राह्यलं."

"पण आत काय आहे ते तरी कळेल."

"आन् आत काहीच नसन तं?"

"तर मनाला शांती."

"मनाची शांती पेचकसानं नाई येत, कंपोंडर."

हे तीन आठवडे चाललं. मी रोज जायचो आणि रोज कटकट करायचो. तो पाना उचलायचा, बोल्टाला लावायचा, पुन्हा खाली ठेवायचा. नव्या गाडीच्या हौसेनं मी पछाडलो होतो, दुसरं काय! म्हाताऱ्याला कंटाळा आलाय असं मला वाटायचं, आणि तसं मी दोनदा त्याच्या तोंडावर बोललोही.

खरं म्हणजे त्याच्या खोलण्याला नियम होते. तो तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. "आमच्यात ज्यानं वझं उतरवलं, त्यानंच चढवायचं. मधात दुसऱ्याचा हात लागला का बैल लंगडते," तो सांगे. म्हणून खोललेले भाग मांजरपाटावर ओळीनं मांडले, की त्या कापडाला कुणी शिवायचं नाही. त्याला लिहिता येत नव्हतं. बायकोच्या कशिद्यातले उरलेले दोरे तो भागांना बांधायचा, लाल वरच्याला, पिवळा खालच्याला. काळा दोरा मात्र फक्त चुकीला. स्वतःच्या हातानं काही मोडलं, तर ते काळ्या दोऱ्यानं बांधून दारातल्या खिळ्यावर टांगायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. तीस वर्षांत त्या खिळ्यावर तीन वस्तू होत्या.

शेवटी एका सकाळी माझ्या तोंडाला कंटाळून त्यानं इंजिन खोललं. आत काहीच नव्हतं. सगळे भाग वयाच्या मानानं ठणठणीत. पिस्टनवरच्या तिन्ही रिंगा त्यानं अलगद काढून कापडावर ठेवल्या आणि तो भाकर खायला मागे गेला.

मी कापडाजवळ एकटाच होतो. एक रिंग उचलली. बांगडीसारखी, एका जागी फट असलेली. स्प्रिंगसारखी ताणते का बघावं म्हणून जराशी ओढली. टक्. फटीच्या बरोब्बर समोर तुटली, दोन तुकडे हातात आले. मी ते जोडून जसेच्या तसे कापडावर ठेवले. दिसायला अख्खी दिसत होती.

तो हात पुसत आला, बसला आणि त्यानं रिंग उचलली. अर्धी हातात आली, अर्धी खालीच राहिली.

तो बोटं उलटी-सुलटी करून बघू लागला. "तुटली," म्हणाला. "माह्या हातानं तुटली. मले समजलंबी नाई." मी सायकल उचलली. दवाखान्याची वेळ झाली म्हणालो आणि निघून आलो.

तशी रिंग कुठे मिळेना. तो एस.टी.नं यवतमाळला गेला, नागपूरला गेला, आणि शेवटी दुसऱ्या कुठल्या इंजिनची रिंग आणून आठ दिवस कानशीनं घासत बसला. गाडी सुरू झाली. ठक-ठक तशीच होती.

तुटलेली रिंग काळ्या दोऱ्यानं बांधून खिळ्यावर गेली, चौथी. त्यानंतर त्यानं कुणाचंच इंजिन खोललं नाही. कुणी आग्रह केला, तर खिळ्याकडे बोट दाखवायचा. "हात राह्यला नाई आता." पुढे पंक्चर काढायचा, पंपाचे वायसर बदलायचा. मी त्याच गाडीवरून त्याच्या दारावरून रोज जायचो. कित्येकदा सांगायचं ठरवून गाडी थांबवली, आणि हवा भरून निघून आलो. असं सहा वर्षं. लाज वाटायची, आणि सवयही झाली होती.

मग एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन मिस्त्री गेला. दुकान रिकामं करताना त्याच्या बायकोनं मला हाक मारली. खिळ्यावरच्या बाकी तीन वस्तू डब्यात गेल्या होत्या, रिंग तिच्या हातात होती.

"तुह्या गाडीची हाये. तुलेच राहू दे."

"मावशी," मी म्हणालो, "ही माझ्या हातानं तुटली होती. मिस्त्रीच्या नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, चिडली नाही. "त्याले सांगतलं होतं काय?"

"नाही."

तिनं रिंग तोंडाशी नेली आणि दातानं काळा दोरा तोडला. "मंग हा दोरा त्याचा नाई," ती म्हणाली. दोरा तिनं रस्त्यावर टाकून दिला, रिंग माझ्या हातावर ठेवली आणि पाठ वळवून पुन्हा डबे उचलायला लागली.

दोरा गेल्यावर रिंग एकत्र राहत नव्हती. दोन्ही तुकडे मुठीत धरून मी त्या रिकाम्या खिळ्यासमोर उभा होतो.