ड्यूटीनं आटलेले स्वेटर

अगं ए भाचीबाई, जरा जवळ सरक. कागदावरून बोलते आहे म्हणून लांब बसू नकोस. आधी तुला रागवायचं आहे. दिवाळीत आलीस, कोपऱ्यातल्या माझ्या विणायच्या मशीनवरचं फडकं उचललंस आणि नाक मुरडून म्हणालीस, "मावशी, हे धूड अजून काहून ठेवलं वं? मधात मूठभर सुया अन् दोन्ही बाजू बोडक्या. भंगारवाल्याले देऊन टाक." मी तेव्हा चकल्या तळत होते म्हणून वाचलीस. आता ऐक. त्या बाजू मी बोडक्या केल्या नाहीत. सरकारनं केल्या, आणि तेही माझ्याच भल्यासाठी.

मशीन माझ्याकडे आलं ते सत्तर सालाच्या आगेमागे. कामठीच्या छावणीतल्या एका मेजरसाहेबांची बदली झाली आणि त्यांच्या बायकोनं जाता जाता ते मला दिलं. जपानी मशीन. लांबच लांब पाट्यावर ओळीनं सुया, प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि आकड्याला इवलीशी जीभ. ती जीभ उघडते, लोकर धरते, मिटते, की टाका तयार. वरची सरकपट्टी इकडून तिकडे नेली की अख्खी ओळ विणून होते. सोबतचं पुस्तकही जपानी होतं. मी चौथी शिकलेली, त्यामुळे मला काही फरक पडला नाही. चित्रं पाहून शिकले.

घरात खूप हसले सगळे. नागपुरात स्वेटर? मे महिन्यात जिथे माणसं ओल्या चादरी पांघरून झोपतात, तिथे ही बाई लोकर विणणार. पण आपली थंडी थोडे दिवस येते आणि तेवढ्यात दात वाजवून जाते, हे हसणारे विसरले होते. दोन हिवाळ्यांत माझ्याकडे धरमपेठेपासून कामठीपर्यंतची गिऱ्हाइकं यायला लागली. आणि मुख्य म्हणजे "दिवसभर घरी काय करता?" हा प्रश्न मला कोणी विचारेनासं झालं. ते मशीन चालू राहणं म्हणजे माझ्यासाठी काय होतं, ते एवढ्यावरूनच समज.

आता सुई म्हटली की मोडायचीच. मुंबईचा एक एजंट हिवाळ्याच्या आधी चक्कर मारायचा, त्याच्याकडे सुया मिळायच्या. मशीनची कंपनी मोठी, पण सुया करणारा म्हणे वेगळाच, एक लहानसा कारखानदार. एजंटानं एकदा त्याचा फोटो दाखवला. मला वाटलं होतं, जपान म्हणजे धुराडी आणि भोंगे असतील. पाहते तर कामठीतल्या मागाच्या शेडएवढी शेड, टोपी घातलेला एक म्हातारा, त्याची बायको आणि चार बाया डोळ्यांना भिंग लावून एकेक सुई तपासून राहिल्या. हा म्हातारा दरवर्षी आपल्या गिऱ्हाइकांना कॅलेंडर पाठवायचा. बर्फाचा डोंगर, खाली जपानी अक्षरं. रविवार लाल असायचा, मला तेवढं पुरे. मी त्याच्यावर दुधाचे खाडे मांडायची.

मग एका वर्षी बजेट आलं आणि एजंटानं सुयांचा भाव सांगितला. मी त्याला सरळ चोर म्हटलं. तो बिचारा शपथा घेऊ लागला, की म्हाताऱ्यानं भाव एका पैशानं वाढवलेला नाही, ही वरची सगळी ड्यूटी आहे, बाहेरच्या मालावरचा सरकारी कर.

दोन घरं सोडून राहणारे एक भाऊजी आयात मालाच्याच कचेरीत होते. माणूस भला. पोट मोठं, मन मोठं आणि देशाची काळजी पोटाहूनही मोठी. मी त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी मला खुर्चीत बसवून अख्खा देश समजावून सांगितला.

"वहिनी, तुमच्याच भल्यासाठी हाये हे," ते म्हणाले. "बाहेरची सुई महाग झाली का आपले लोक सुई बनवतीन. आपला कारखाना मोठा होईन."

"होईन न भाऊजी. पण तोवर मी कशानं विणू?"

"थोडी कळ काढा."

कळ काढली. देशी सुई आणली. दिसायला अगदी तश्शीच. पण तिची जीभ एकदा उघडली की मिटायचं नाव नाही, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसासारखी. मी तिला तेल पाजलं, उन्हात ठेवली, हनुमानाच्या देवळात नेणं तेवढं बाकी होतं. भर छातीवर टाके सुटायचे आणि स्वेटरला खालपर्यंत शिडी पडायची. दुकानदाराकडे परत घेऊन गेले तर म्हणाला, "बाई, घ्यायची तं घ्या, नाई तं ठेवा. दुसरी येणार हाये कुठून?" त्या कारखान्याला तरी काय पडली होती? जपानी म्हातारा दाराबाहेर अडवलेला. आत हे एकटेच राजे.

मग मी काय केलं, ते ऐक. मधली जपानी सुई मोडली की कडेची काढायची आणि मधे लावायची. स्वेटरला छाती पाहिजे, कडा गेल्या तर गेल्या. दर हिवाळ्यात दोन्हीकडून थोड्या थोड्या सुया आत सरकायच्या आणि माझे स्वेटर तेवढे अरुंद व्हायचे. कपडा धुतल्यावर आटतो. माझा विणण्याआधीच आटायचा. जाड गिऱ्हाइकं आधी गेली. मग मध्यम. माझ्याकडे येणाऱ्या बाया दारातच श्वास आत घ्यायला लागल्या.

अशात भाऊजी आले, लोकर घेऊन. त्यांना त्यांच्या मापाचा स्वेटर पाहिजे होता. मी म्हटलं, तुमचं पोट आता माझ्या मशीनवर मावत नाही. ते म्हणाले, काहीतरी करा. मग मी पुढचा भाग आणि मागचा भाग विणला आणि दोन्ही काखांखाली वेगळ्या अरुंद पट्ट्या विणून जोडल्या. निळी लोकर संपली होती, म्हणून पट्ट्या तपकिरी. भाऊजी कचेरीत तो घालून गेले आणि लोकांना वाटलं, काय ही फॅशन, माल नक्की बाहेरचा. संध्याकाळी ते तोंड उतरवून माझ्या दारात.

"वहिनी, लोक म्हणून राहिले का मी ड्यूटी चुकवून आणलेला माल घालतो. तुमी सांगा न त्यांले."

"सांगते न भाऊजी. म्हणते, साहेबांच्या बगलेतल्या पट्ट्या ड्यूटीनं लावल्या."

ते हसले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात कॉलेजातली दोन पोरं पट्टीवाला स्वेटर पाहिजे म्हणून आली. एक हिवाळा मी पट्ट्यांवर काढला. पण पुढे पट्ट्याच इतक्या लागायला लागल्या की स्वेटर कमी आणि गोधडी जास्त. तितक्यात रस्त्याच्या कडेनं तयार स्वेटरांचे ढीग लागायला लागले, आणि मोठी माणसं माझ्याकडून कायमची उठली. मी लहान मुलांवर आले.

एजंट शेवटचा आला त्या वर्षी कॅलेंडर आणलं नव्हतं. म्हातारा म्हणे आता सुया करत नाही. त्याची निम्मी गिऱ्हाइकं इकडे आपल्याच देशात होती, ड्यूटीनं तीच तुटली. चार बायांपैकी दोघी घरी गेल्या आणि उरलेल्या मासे पकडायचे गळ तपासतात. पण जाता जाता त्यानं जुन्या गिऱ्हाइकांना एकेक लहान पुडी भेट म्हणून पाठवली होती. मला फार भरून आलं. मग एजंट खाली पाहून म्हणाला, भेटीवरही ड्यूटी लागली, तेवढी द्यावी लागेल. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही त्यानं मला फुकट दिलं, आणि ज्या सरकारला मी मत दिलं त्यानं त्याचे पैसे घेतले. दिले बाई, देऊन टाकले.

भाऊजी मागेच रिटायर झाले. परवा कोपऱ्यावर भेटले. देशी सुई आता सुधारते आहे म्हणाले, थोडी कळ काढा. अंगात तोच स्वेटर होता.

तर म्हाताऱ्याच्या त्या पुडीतल्या उरल्यासुरल्या सुया, त्याच तू मधात पाहिल्यास. आता त्या पाट्यावर एकच माप बसतं, रांगणाऱ्या लेकराचं. पिवळी लोकर मी आणून ठेवली आहे. पण तुझं पोरगं दर महिन्याला रुंद होतं आणि माझं मशीन दर हिवाळ्याला अरुंद. या मोसमात आणखी एक-दोन सुया मोडल्या, तर लेकराच्या स्वेटरलाही भाऊजींसारख्या पट्ट्या लावाव्या लागतील. तेव्हा भंगारवाल्याचं नाव काढू नकोस. संक्रांतीची वाट न पाहता पोराला कडेवर घे आणि ये. माप घ्यायचं आहे.