कडकमावशींची डागांची चादर

शहराच्या जुन्या भागात, बागेच्या मागच्या फाटकासमोर एक लॉन्ड्री आहे. लॉन्ड्री म्हणजे एकच लांबट खोली. पुढे इस्त्रीचे टेबल, मागे धुण्याचे यंत्र आणि भिंतीला लागून एक पोलादी कपाट. ती चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली कडकमावशी म्हणते. हे नाव त्यांच्या खळीमुळे पडले की त्यांच्या स्वभावामुळे, याविषयी गल्लीत दोन मते आहेत. मावशींनी खळ घातलेला शर्ट अंगात असला की माणसाला वाकता येत नाही, असे शेजारचे शिंपीदादा म्हणतात. आणि मावशींना उलट उत्तर दिलेल्या माणसाला पुन्हा ताठ उभे राहता येत नाही, असेही तेच म्हणतात.

कडकमावशींनी आयुष्यात एकाच जीवाशी हाडवैर धरले, तो म्हणजे कपडे खाणारी कसर. एका गिऱ्हाइकाच्या लोकरीच्या कोटाला त्यांच्या दुकानात भोक पडले होते. ते भोक कोटाला नसून आपल्या अब्रूला पडले, असे त्यांनी मानले. तेव्हापासून पोलादी कपाटातल्या प्रत्येक घडीत डांबरगोळ्या असत, आणि एखादे करडे पाखरू दिव्याभोवती फिरताना दिसले की मावशींच्या हातात आपोआप चप्पल येई.

दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत मावशी आणि त्यांची सून राहत. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवत असे व पाहुण्यासारखा घरी येत असे. सून समोरच्या बागेतील निसर्गकेंद्रात कामाला होती. लग्नाला दोन वर्षे झाली होती. सासूसुनांत भांडण नव्हते. परंतु भांडायला लागते तेवढी जवळीकही नव्हती. सून आपले कपडे आपणच धूत असे आणि इस्त्रीही आपणच करत असे, तीसुद्धा वाईट. रोज सकाळी ती फाटकातून आत जाई, तेव्हा तिच्या शर्टाच्या पाठीवरच्या चुण्या मावशींना दिसत. न मागता काही देणे त्यांना माहीत नव्हते, आणि सून काही मागत नव्हती.

उन्हाळा नुकताच लागला होता. दरवर्षी या दिवसांत निसर्गकेंद्र सर्वांसाठी खुले कार्यक्रम ठेवते. सकाळी पक्षी पाहायचे, दुपारी तळ्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, असे ते कार्यक्रम असतात. यंदा त्यात एक संध्याकाळ नवीन होती आणि ती सुनेकडे सोपवलेली होती. एका सकाळी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"आई, एक पांढरी चादर मिळेल का? मोठी हवी."

"मिळेल की. कशाला हवी?"

"अंधार पडला की तिच्यावर दिव्याचा उजेड पाडायचा. पतंग येऊन बसतात, मग लोकांना ते जवळून बघता येतात."

मावशींची इस्त्री हवेतच थांबली. "माझ्या चादरीवर? जन्मभर ज्यांना हाकललं, त्यांना आता मीच आमंत्रण देऊ?"

"कपडे खाणारे त्यात अगदी थोडे असतात हो. आणि खातात त्या अळ्या. मोठे झालेले पतंग कापडाला तोंडही लावत नाहीत."

"म्हणजे खायचं पोरांनी आणि बदनामी आईबापांची! बरंच ओळखीचं आहे हे."

सून मोकळेपणाने हसली. मग हळूच म्हणाली, "लोक कंटाळले तर पुढच्या वर्षी ही संध्याकाळ बंद, असं केंद्राच्या साहेबांनी सांगितलंय."

मावशींनी मनाशी ठरवून टाकले. सुनेने पहिल्यांदाच काही मागितले होते. त्यात उणे राहता कामा नये. त्यांनी स्वतःसाठी जपून ठेवलेली, एकदाही न अंथरलेली चादर काढली. ती धुतली, निळीत बुडवली, खळ घातली आणि अशी इस्त्री केली की घडीच्या कडेने बोट कापावे. मग कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत ती कपाटातल्या सर्वांत सुरक्षित खणात ठेवली, आणि वर मोठ्या प्रेमाने ताज्या डांबरगोळ्यांची मूठ पसरली.

ठरलेल्या दिवशी, सूर्य मावळता मावळता, फाटकाच्या आतल्या हिरवळीवर माणसे जमली. दोन झाडांमध्ये दोरी होती, दोरीला चिमट्यांनी चादर लावलेली होती आणि चादरीसमोर दिवा होता. मावशी पहिल्या रांगेत बसल्या. त्यांच्या शेजारी कोपऱ्यावरचे औषधवाले स्वतःचे मोठे भिंग घेऊन बसले होते. कोणत्याही कार्यक्रमात पहिला शोध आपण लावावा, अशी त्यांची इच्छा असे.

अंधारू लागले. दिव्याभोवती पाखरे आली, एक फेरी मारून चादरीजवळ गेली आणि तिथून गर्रकन परत फिरली. एक बाकावर बसले. एक खांबावर बसले. एक तर औषधवाल्यांच्या टकलावर उतरून आरामात पंख मिटून बसले. परंतु चादरीवर एकही येईना. मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले.

"चादर सुंदर आहे हं," औषधवाले मोठ्याने म्हणाले. "आज चादरच बघायची होती का?"

मागे उभ्या असलेल्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. सुनेचा चेहरा उतरला. तिने दिवा पुढे घेतला, मागे नेला, तरीही काही फरक पडला नाही. शिंपीदादांना कापड दिसले की शिवण पाहिल्याशिवाय राहवत नसे. ते उठून चादरीची कड चाचपू लागले आणि नाक आवळून परत आले.

"मावशी, ही चादर कपाटात होती का?"

"मग काय रस्त्यावर ठेवू?"

"तसं नाही. पण डांबरगोळ्यांचा वास येतोय. माझेच डोळे चुरचुरले, त्या बिचाऱ्यांचं काय?"

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. त्या वासात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांच्या नाकाला तो वास राहिलाच नव्हता, आणि त्याच घरात राहणाऱ्या सुनेलाही नव्हता. आता दुसरी चादर आणायची कुठून? कपाटातल्या प्रत्येक कापडाला तोच वास होता. कपाटात कधीही न गेलेले एकच मोठे पांढरे कापड दुकानात होते, आणि ते मावशींनी आजवर कोणाही गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू दिलेले नव्हते.

ते कापड म्हणजे इस्त्रीच्या टेबलावरची चादर. गिऱ्हाइकाच्या कपड्याला चटका बसू नये म्हणून तापलेली इस्त्री मावशी आधी त्या चादरीवर टेकवून बघत. वर्षानुवर्षांच्या त्या टेकवण्याचे तपकिरी, टोकदार डाग तिच्यावर होते. आपल्या इस्त्रीचा डाग जगात कुठेही सापडणार नाही, असे मावशी गिऱ्हाइकांना सांगत, आणि कोणी आत आले की त्या चादरीवर चटकन दुसरे स्वच्छ कापड ओढत. आता तीच चादर सगळ्या गल्लीसमोर टांगायची!

त्यांनी एकदा सुनेकडे पाहिले. मग त्या उठल्या, रस्ता ओलांडून गेल्या आणि बगलेत गुंडाळी घेऊन परत आल्या.

"अगं, चूक माझी आहे. गोळ्या मी घातल्या. ती काढ आणि ही लाव."

"आई, ही तर टेबलावरची..."

"लाव म्हणते ना!"

चादर उलगडली आणि हशा पिकला. "मावशी, हा कुठल्या देशाचा नकाशा?" शिंपीदादांनी विचारले.

"तुमच्या अकलेचा. मोकळी जागा बघा केवढी आहे!"

हसण्याचा आवाज ओसरेपर्यंत पहिला पतंग येऊन बसलासुद्धा. तो फिकट हिरवा होता. त्याच्यामागून वाळक्या पानासारखा एक आला, पंखांवर डोळे रंगवल्यासारखा एक आला, आणि गळ्यात लोकर गुंडाळल्यासारखा गुबगुबीत असा एक आला. माणसे खुर्च्या सोडून पुढे सरकली. औषधवाल्यांनी भिंग रोखले आणि ते ओरडले, "इकडे या! केवढा मोठा! तपकिरी, टोकदार, आणि काय धीट आहे, जरासुद्धा हलत नाही!"

सर्वांनी गर्दी केली. सुनेने वाकून पाहिले आणि ओठ दाबून धरले. "काका, तो..."

"तो माझ्या इस्त्रीचा आहे," मावशी म्हणाल्या. "कित्येक वर्षं तिथेच बसलाय. उडाला तर मलाही सांगा."

त्यानंतर जी गंमत सुरू झाली, ती कोणी ठरवलेली नव्हती. पतंग कोणता आणि डाग कोणता, हे ओळखण्याची चढाओढ लागली. एरवी एक नजर टाकून घरी गेली असती ती माणसे नाक टेकेपर्यंत वाकून पाहू लागली. एक तपकिरी पतंग नेमका एका डागावर जाऊन बसला आणि कोणालाच सापडेना, तेव्हा सुनेने संधी साधली. झाडाच्या सालीवर बसून हे पतंग पक्ष्यांच्या नजरेतून असेच निसटतात, हे तिने इतके छान सांगितले की लोक आपण होऊन प्रश्न विचारू लागले. साहेबही ओळखायला पुढे आले, हरले, पुन्हा प्रयत्न करून पुन्हा हरले. जाताना ते सुनेला म्हणाले, "पुढच्या वर्षी हीच चादर हवी बरं का."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी चादर टेबलावर अंथरली, आणि यापुढे तिच्यावर दुसरे कापड ओढायचे नाही, असे ठरवले. इतक्यात सून खाली आली. तिच्या हातात तिचा कामावरचा शर्ट होता.

"आई, हा कराल का? मला पाठ नीट जमत नाही."

"दोन वर्षं दिसतंय मला ते," मावशी म्हणाल्या, आणि तोंड फिरवून इस्त्रीची वायर सोडवत बसल्या.

तेवढ्यात औषधवाले आपला शर्ट न्यायला आले. मावशींनी इस्त्री पुढे नेली आणि मध्येच थांबवली. "थांबा जरा. टेबलावर पाहुणा झोपलाय."

"मावशी, आता नाही हं फसणार. तो डाग आहे!" असे म्हणून औषधवाल्यांनी त्यावर बोट ठेवले. डाग फडफडत उडाला, त्यांच्या नाकावर आपटला आणि दारातून बागेकडे निघून गेला.

मावशींचा हात सवयीने चपलेकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. त्यांनी औषधवाल्यांचा शर्ट बाजूला सारून सुनेचा शर्ट पुढे ओढला.

"खळ किती घालू गं?"

"वाकता येईल एवढीच, आई."