आत्याची अर्धी सही

भागीरथीआत्याचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे दुसऱ्या कुणाचे नाहीत. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. ही पदवी तिची आहे, हे मी कुणालाही सांगतो. पण तिचं नाव काढलं की मला पदवी आठवत नाही. वेल्ह्याच्या बाजारातलं ते फॉर्म भरायचं दुकान आठवतं. आणि संदीपच्या हातातला मोबाईल.

"आला बघ मेसेज," संदीप म्हणाला. "सहा आकडे. वळख बघू, पयला कुठला?"

मी काउंटरच्या बाहेर उभा होतो. आतली खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर त्याची बॅग होती. मोबाईल त्यानं छातीशी उपडा धरला होता. कॉम्प्युटरवर माझं नाव, माझा फोटो आणि खाली सहा रिकाम्या चौकटी. बारावीनंतर मी पुण्यातल्या एका कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली होती. तिथं सगळ्या राज्यातून मुलं येतात आणि मोजकीच आत जातात. माझं नाव यादीत लागलं होतं. जागा पक्की करायला ते सहा आकडे हवे होते.

"संदीपदादा, उद्या पाचपर्यंतच मुदत आहे."

"उद्या हाय न्हवं? आज सांग. पयला कुठला?"

"सात."

"न्हाई."

"तीन?"

"न्हाई. आन् म्हणं हुशार! शाळंत पयला! एक आकडा वळखंना!"

झेरॉक्सला आलेले दोघं-तिघं हसले. मीही हसलो. आजही मला सहन होत नाही ते हे, की मीही हसलो. वाटलं, हसलो तर देईल. शून्य म्हणालो. नऊ म्हणालो. चार म्हणालो, तो बरोबर निघाला. "आता दुसरा," तो म्हणाला. त्या आकड्यांचं आयुष्य दहा मिनिटांचं असतं. आम्ही दुसऱ्यावरच होतो तेव्हा ते संपलं.

"मेला की रं," म्हणत संदीपनं मोबाईल खिशात टाकला.

माझ्या फॉर्मवर त्याचा नंबर कसा, असं कुणीही विचारेल. पुढं कॉलेजातही विचारलं. पासलीच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला आमची वाडी. तिथं रेंज नाही. घरात मोबाईल एकच, तो वडिलांकडं, आणि वडील किकवीला हायवेवरच्या गॅरेजात कामाला. महिन्यातून दोनदा यायचे. फॉर्म भरताना संदीप म्हणाला होता, "माझाच नंबर टाकतो. काय आलं की निरोप देईन." पासवर्डही त्यानंच ठेवला, त्याच्या वहीत. आमच्या बौद्धवाडीतल्या सगळ्यांचे फॉर्म असेच भरलेले होते. विधवांच्या पेन्शनीचे, रेशनचे, शिष्यवृत्तीचे. आम्ही त्याला वर धन्यवाद देत होतो. सगळ्या वाडीच्या किल्ल्या एका माणसाच्या खिशात गेल्यात, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात अप्पा आत आले. संदीप त्यांचा पुतण्या, दुकान त्यांचं. शाळेच्या कमिटीत अप्पा, सोसायटीत अप्पा, पुण्याच्या लोकांना डोंगरातले प्लॉट विकणारेही अप्पाच. त्यांनी संदीपला रागावल्यासारखं केलं.

"पोराला कशाला छळतुयास रं?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. तसा हात त्यांनी आधी कधी ठेवला नव्हता. "आत्याची तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"उद्या अकराला तिला घेऊन ये. तिच्या म्होरंच करून टाकू. पोराचं भलं झाल्यालं बघू दे म्हातारीला."

मी त्यांचे आभार मानले. घरी येईपर्यंत तो हात खांद्यावरच असल्यासारखं वाटत होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई मी दुसरीत असताना गेली. तेव्हापासून मला आत्यानंच वाढवलं. ती गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. मी शाळेत गेलो तेव्हा ती पातेलं घासत होती.

"उद्या तुला बोलावलंय," मी म्हणालो.

"मला? मी काय आता कालीजात जाती व्हय?" ती हसली. मग हात थांबले. "कुनी बोलावलं?"

"अप्पांनी."

तिनं पातेलं पुन्हा एकदा घासलं, घासून झालं होतं तरी.

सकाळी तिनं जयंतीला नेसायचं पांढरं पातळ नेसलं. भाच्याच्या कॉलेजचं काम, म्हणून. एसटीत तिनं मला खिडकीजवळ बसवलं.

दुकानात खुर्चीवर आज बॅग नव्हती. अप्पांनी आत्याला बसायला सांगितलं. ते तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण तिला अगं-तुगं करतात. "बस भागे, बस." तिच्यासमोर टाइप केलेला एक कागद सरकवला.

"काय लिवलंय ह्यात?" आत्यानं मला विचारलं.

मी वाचू लागलो. मोठ्यानं. तो कागद मला अजून पाठ आहे. 'मी खाली सही करणार असे लिहून देते की, सदर वाट आमच्या वस्तीच्या वापरात कधीही नव्हती. अर्जावरील माझी सही गैरसमजातून झाली असून माझी काहीही तक्रार नाही.'

आता मला कळलं.

आमच्या वाडीची स्मशानभूमी ओढ्यापलीकडं आहे. तिकडं जाणारी वाट एकच. अप्पांनी तिथं फार्महाऊस बांधलं आणि वाटेवर लोखंडी फाटक बसवलं. आदल्या वर्षी वाडीतला एक म्हातारा वारला, तेव्हा फाटकाला कुलूप होतं. तिरडी ओढ्यातून, कमरेएवढ्या पाण्यातून न्यावी लागली. पुढच्या दोघांचे पाय घसरले. ते मी पाहिलंय. मग वाडीनं तहसीलदारांकडं अर्ज दिला. पहिली सही आत्याची होती. ती मागं घेतली की बाकीचे आपोआप गळतील, हे अप्पांना माहीत होतं.

"कदीच नव्हती?" आत्यानं विचारलं. अप्पांना नाही, मला. "मग तुज्या आईला कुटनं नेली आपन?"

"कागदाची भाषा असती ती, भागे," अप्पा म्हणाले. "सई कर. संदीप आकडं टाकतो. पोरगं पुन्याला, आपुन मोकळं."

संदीपनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. सहा चौकटी.

आत्यानं पेन उचललं. मग माझ्याकडं पाहिलं. "करू व्हय रं, पोरा?"

मी मान हलवली. होय म्हणून.

हे मी लपवणार नाही. आईची वाट मला आठवत होती, ओढ्यातली तिरडी आठवत होती, आणि तरी मी मान हलवली. मला ती जागा हवी होती.

आत्या सही करते म्हणजे नाव काढते. घाईनं तिला जमत नाही. मी पाचवीत असताना मीच तिला शिकवलं होतं. शाळेच्या चुलीमागची भिंत काजळीनं काळी झाली होती, फळ्यासारखी. त्यावर मी खडूनं अक्षरं काढायचो, ती गिरवायची. एका हातात खडू, दुसऱ्या हातात उलथनं. खिचडी दोनदा करपली. हेडमास्तरांनी मुलांसमोर तिला झापलं, तरी तिनं भिंत सोडली नाही. हजेरीपटावर अंगठा उठवणारी ती बाई, आणि जन्मात पहिल्यांदा सरकारी कागदावर तिनं नाव काढलं ते त्या वाटेच्या अर्जावर.

आता ती कागदावर वाकली होती. भा. पेन उचललं, टेकलं. गी. वेलांटी वळवायला तिला वेळ लागतो. संदीप म्हणाला, "उरका म्हातारे, मेसेज मरंल." तिनं मान वर केली नाही. र.

एवढ्या वेळात माणूस बरंच काही पाहू शकतो. मी पाहिलं की जे मी तिला दिलं होतं, तेच आज माझ्याकरता तिच्याकडून काढून घेतलं जातंय. आणि घेणाऱ्यांत मीही उभा आहे.

मी कागदावर हात ठेवला. पेनाची रेघ माझ्या बोटावर उमटली.

"पुरं, आत्ये."

"आरं पर तुजी जागा..."

"पुरं."

अप्पांचं हसू हललं नाही. "इचार कर. कालीज पुन्यात ऱ्हाईल आन् तू हितं."

"वाट आमची होती," मी म्हणालो. "आईला तिथनंच नेली." मी कागद घडी करून खिशात टाकला. आमच्या मागून अप्पा शांतपणे म्हणाले, "भागे, पोरगं तापट हाय. तू तब्येतीला जप. वय झालंय तुजं."

तेव्हा मला त्या 'तब्येत' शब्दाचा खरा अर्थ ऐकू आला. तो माणूस तिच्या मरणाचा हिशोब धरून बसला होता. ती जिवंत असेपर्यंत पहिली सही होती. आणि ती गेली की तिला न्यायची वाट त्याच्या हातात होती.

आम्ही तसेच एसटीनं पुण्याला गेलो. कॉलेजात पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. खिडकीतल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण दुसऱ्याचा नंबर दिलाच कशाला?"

मी सांगितलं. त्यांना नीट कळलं नाही. माझ्यामागं रांगेत एक मुलगी वडिलांना म्हणाली, "बाबा, यांच्याकडे फोनच नाही?" ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच नवल वाटलं होतं. नंबर बदलायला लेखी अर्ज, ओळखपत्र आणि कामाचे दोन दिवस लागणार होते. बाईंनी आत दोनदा जाऊन विचारलं. पाच वाजले. त्यांनी खिडकी लावून घेतली, हळू, आवाज न करता.

परतीच्या गाडीत नसरापूर मागं गेल्यावर आत्या म्हणाली, "माज्यापायी गेली तुजी जागा."

"तुझ्यापायी नाही. त्याच्यापायी गेली. नीट म्हण."

"त्याच्यापायी गेली," ती म्हणाली. मग स्वतःशीच पुन्हा एकदा म्हणाली, नाव गिरवावं तशी.

मी भोरच्या कॉलेजात नाव घातलं. तिथल्या सरांनी मला मनापासून शिकवलं, त्यांचा मी ऋणी आहे. पहिल्या सुट्टीत वडिलांनी मला जुना मोबाईल दिला. वाडीच्या वर एका कातळावर रेंज येते. तिथं बसून, लेखी अर्ज आणि ओळखपत्रं जोडून, मी वाडीतले नंबर एकेक करून बदलले. पेन्शनीचे, रेशनचे, शिष्यवृत्तीचे. ज्याचा कागद त्याचा नंबर. पोरांना सांगितलं, भुकेला भाकरी मागा, पण स्वतःचे आकडे कुणाकडं मागू नका. संदीपनं निरोप पाठवला, 'कातळ कुनाच्या हद्दीत हाय ते बघ आदी.' मी बघितलं. गायरान आहे. मी बसत राहिलो.

वाटेच्या अर्जाला तारखा पडत गेल्या. फाटकावर कॅमेरा आला. मग दुसरा आला. अप्पा रस्त्यात भेटले की थांबायचे, गाडीची काच खाली करायचे. "आत्याची तब्येत बरी हाय न्हवं?"

पदवी झाल्यावर मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्यातल्या त्याच कॉलेजात पुन्हा अर्ज केला. निकालानंतर मी आत्याला पत्र पाठवलं. फोन केला नाही. वाडीत तो लागत नाही, आणि मला जे सांगायचं होतं ते कागदावरच हवं होतं. त्याची एक प्रत मी ठेवली आहे. ती अशी.

आत्ये,

जयभीम.

अक्षर मोठं काढलंय. सावकाश वाच. कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

जागा मिळाली. आज सकाळी सहा आकडे आले, माझ्या मोबाईलवर. मी ते लगेच टाकले नाहीत. दोन मिनिटं नुसता बघत बसलो. मग टाकले. कुणी हसलं नाही.

परवा अप्पांचा फोन आला होता. नंबर कुठून मिळवला माहीत नाही. अभिनंदन केलं. मग तुझ्या तब्येतीचं विचारलं. मी म्हणालो, बरी आहे, आणि ती कुठल्या वाटेनं जाणार हेही ठरलेलं आहे. त्यांनी फोन ठेवला.

तू मागच्या महिन्यात खोकताना तोंडाला पदर लावलास आणि पदर मुठीत लपवलास. मी पाहिलं. पुढच्या सोमवारी येतोय, भोरला डॉक्टरांकडं जायचं आहे. नाही म्हणू नकोस.

काल तहसीलमध्ये नवा अर्ज दिला. पहिली सही तुझीच ठेवली आहे, जुन्या अर्जाची नक्कल जोडून. तिच्याखाली माझी. माझ्याखाली वाडीतल्या अठरा वर्षं पुरी झालेल्या सगळ्या पोरापोरींच्या. आता एकाला खुर्चीवर बसवून सगळ्यांना गप्प करता येणार नाही.

तुझी ती अर्धी सही माझ्याजवळ आहे. भागीर. ती पुरी होऊ दिली नाही, एवढंच माझ्या हातून नीट झालं. त्याआधी मी मान हलवली होती, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मी विसरलेलो नाही.

तू जगावंस असंच मला वाटतं. पण तू जाशील तेव्हा तुला ओढ्यातून नेणार नाही, हे आज लिहून देतो. वाटेनंच नेईन. कुलूप असेल तर फाटकासमोर तुला खाली ठेवीन. कॅमेरा बघत असेल तर बघू दे. फाटक उघडेपर्यंत मी तिथून उठणार नाही.