शरयूचा थालीपिठाचा स्टॉल

माणसं किती हलकी असतात हे मला साठीत कळावं, याचीच किळस येते. आणि किळस आली की ही शैलजा गप्प बसत नाही, हे अख्ख्या स्टेट कॉलेज गावाला ठाऊक आहे.

शरयू पिसाळ कराडला कॉलेजात इतिहास शिकवायची. नवऱ्याच्या संशोधनापायी इथे अमेरिकेत आली. वर्क परमिट होतं, पण नोकरी कोण देतंय? आमच्या मराठी मंडळाचा दर उन्हाळ्यात मेळा भरतो. त्यात एक छान रीत होती. नव्या माणसाला जुन्याने तवा, शेगडी, पीठ द्यायचं, राबायचं नव्याने, आणि नफ्यातला चौथा हिस्सा नव्याचा. शरयू माझा तवा घेऊन उभी राहिली. काय हात होता तिचा! तिसऱ्या वर्षी स्वतःचा स्टॉल टाकला, आणि त्या कमाईवर इथल्या शाळेत शिकवायचा कोर्स सुरू केला. तिच्यासारखे किती तरी आले. आठ स्टॉलचा मेळा चाळीसवर गेला, पिट्सबर्गहून गाड्या यायला लागल्या.

झालं, जुन्यांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांच्या स्टॉलकडे कुत्रंही फिरकेना ना! आमचा अध्यक्ष परीक्षित देवस्थळी, त्याने ठराव आणला: यापुढे स्टॉल फक्त संस्थापक कुटुंबांना. म्हणजे शरयूचा कोर्स अर्ध्यावर बंद.

सभेत ती उठली. "काका, पाच मिनिटं बोलू?" आणि तिने जुन्या व्हेनिसची गोष्ट सांगितली. "तिथे अशीच रीत होती. पैसा श्रीमंताचा, समुद्रावर जायचं गरिबाने, आणि नफ्यात त्याचा चौथा हिस्सा. चार फेऱ्यांत तो स्वतःच व्यापारी व्हायचा, राज्याच्या सभेतही बसायचा. शहर वाढलं ते या नव्या माणसांमुळे. मग जुन्या घराण्यांनी दार लावून घेतलं. आपल्याच नावांची वही केली, सोन्याची वही म्हणायचे तिला. नव्याला वावच उरला नाही, आणि हळूहळू व्यापार दुसऱ्यांच्या हातात गेला."

मला वाटलं, जिंकली पोरगी!

परीक्षित टाळ्या वाजवायला लागला. "एक्सलंट, शरयू! सोन्याची वही! आपणही करू या की. फाउंडिंग फॅमिलीजची नावं गोल्डन लेटर्समध्ये, हॉलमध्ये डिस्प्ले करू." लगेच कुणीतरी विचारलं, जावयांची नावं घालायची का? शी! गाढवापुढे वाचली गीता.

"अहो काका, पण त्यानेच शहर मागे पडलं," शरयू म्हणाली.

"अगं, पण किती शे वर्षांनी?" परीक्षित म्हणाला, आणि लोक खो खो हसले. निर्लज्ज कुठले!

मग तो माझ्याकडे वळला. "शैलजा, तुझ्या नकुलचंही नाव येणार बरं का. कायमचं." माझा नकुल डेन्व्हरला वकील आहे. दहा वर्षांत मेळ्याला फिरकला नाही, फोन केला तर 'मॉम, आय ॲम बिझी'. पण भिंतीवर त्याचं नाव दिसलं मला, माझ्या नावाखाली. कुठेतरी तरी तो माझा मुलगा म्हणून राहील, असं वाटलं.

मतं हात वर करून घेतली, आधी विरोधातली, मग बाजूची. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. शरयूने मागे वळून पाहिलं, आणि माझा हात अजून वरच होता.