मागची दोन पानं

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही, आणि ते तर गेले. पण परवा माझ्याच दारात माझं पाप उभं राहिलं — मग झाकू कोणापासून?

लालबागच्या आमच्या नाक्यावर वेग मोजणारा कॅमेरा बसलाय. नातवाची स्कूटर गॅरेजात चाक काढून पडलेली, तरी भरधाव पळाली म्हणून तिला दंड! त्यात एक मुलगी आली, कॅमेऱ्याबद्दल लोकांचं मत घ्यायला. "विश्वास आहे का, आजी?" म्हटलं, काडीचा नाही. तर म्हणते कशी, "‘नाही’ टाकलं की आणखी बारा प्रश्न उघडतात. ‘हो’ टाकू?"

असा संताप आला! तोंडात दात नाहीत म्हणून मतही नाही का गं मला? तिला जिना दाखवला, दार आपटलं — आणि कडी लावता लावता थांबले.

कारण ही युक्ती माझीच.

संप चिघळला, ह्यांची गिरणी बंद पडली, तेव्हा मी सरकारी पाहणीचे असलेच फॉर्म भरत फिरायचे. खांद्याला पिशवी, हातात पेन — कलेक्टरीणच समजायचे स्वतःला, मी भवानी! प्रश्न होता, भरधाव गाड्यांचा त्रास होतो का? ‘होतो’ लिहिलं की मागची दोन पानं भरा — कुठे, कधी, कोणाला. ‘नाही’ लिहिलं की सुटका. मग काय? नळाच्या कट्ट्यावर बसून अख्ख्या मजल्याचं ‘नाही’ लिहिलं. शेजारच्या सुशीलावहिनींचंसुद्धा.

वहिनींच्या नवऱ्याचा पाय ट्रकखाली गेला होता — आमच्याच चाळीसमोर. भाऊजी कुबडीवर रस्ता ओलांडायचे, आणि वहिनी दोन्ही हात पसरून गाड्यांना आडव्या उभ्या राहायच्या. चाळीने गतिरोधक मागितला. उत्तर आलं : पाहणी झाली आहे, रहिवाशांची तक्रार नाही.

"माका कोणी इचारल्यान गो?" वहिनी गॅलरीत ओरडल्या.

आणि मी? त्यांच्याहून मोठ्याने ओरडले — "मेलं सरकारच आंधळं!" काय रंगले होते शिव्या घालताना! वहिनींनी मला पाणी आणून दिलं. म्हणाल्या, "तूच एक माझ्या बाजूची."

मी ते पाणी प्यायले.

गतिरोधक झाला नाही. भाऊजी होते तोवर वहिनी रोज हात पसरून रस्त्यात उभ्या राहिल्या. मी वरून बघायचे. दोनच पानं होती — आणि त्यांत काय लिहायचं, ते मला न विचारताही ठाऊक होतं.