डाव्या सीटवरचा चिरा

चोरांवर इतका विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपल्या दारातली गाडी आज ना उद्या चोरायला कोणीतरी येणारच, याबद्दल माझ्या मामेसासऱ्यांना आयुष्यात कधी शंका आली नाही. देवाबद्दल त्यांना सोमवारी एक वाटायचं आणि गुरुवारी दुसरं. पण चोर आहे, तो सर्वत्र आहे आणि त्याचं आपल्याकडे सतत लक्ष आहे, ही त्यांची श्रद्धा अढळ होती. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. या वर्षात मी त्यांच्याबद्दल लिहायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा पेन खाली ठेवलं. आज मात्र लिहिणार आहे, कारण नुकतंच जे घडलं ते त्यांना सांगायची दुसरी सोय माझ्याकडे नाही.

मामा बोटीवर इंजिनियर होते. जगातली बहुतेक बंदरं पाहून ते रत्नागिरीला परतले तेव्हा लोक आणतात तसं घड्याळ, रेडिओ, अत्तर असलं काही आणलं नाही. मुंबईतल्या कुठल्याशा बंद गॅरेजातून दोन माणसांची, छप्पर मागे दुमडणारी, जमिनीला पोट घासत चालणारी एक विलायती गाडी त्यांनी उचलली आणि घाट उतरवून गावी आणली. शर्यतीसाठी बनवलेली गाडी होती म्हणे. आमच्या रस्त्यांवर तिला शर्यत लावायला म्हशींखेरीज कोणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी. मुळात ती लालभडक होती. खाऱ्या हवेने हळूहळू आमसुलाच्या रंगावर आली. पण इंजिन सुरू झालं की आवाज असा यायचा, की खालच्या वाडीतली माणसं भाकरी थापता थापता म्हणायची, "निघाली मामांची राणी."

ही राणी सांभाळण्यासाठी मामांनी जे जे केलं ते पाहून एखाद्या संस्थानिकाला लाज वाटली असती. पहिला बंदोबस्त साखळीचा. हर्णेला मोडीत निघालेल्या एका मचव्याची नांगराची साखळी त्यांनी आणली आणि गाडीचा मागचा आस दारातल्या फणसाला जखडून टाकला. साखळीचं वजन गाडीच्या निम्म्याने तरी असावं. मामी हेदवीच्या, बोलणं मोजकं, पण खोबऱ्याच्या कातळीसारखं स्वच्छ तुटलेलं. त्या म्हणाल्या, "चोर गाडी ठेवील आणि साखळी नेईल. भंगारात तिलाच भाव जास्त." यावर मामा दोन दिवस विचारात होते आणि तिसऱ्या दिवशी साखळीला आणखी एक कुलूप लागलं.

दुसरा बंदोबस्त स्टिअरिंगचा. ते त्यांनी काढता-घालता येईल असं करून घेतलं होतं आणि गाडीतून उतरले की ते काढून बरोबर न्यायचे. बँकेत, न्हाव्याकडे, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मामांच्या काखेत स्टिअरिंग. माझी त्यांची पहिली भेट झाली ती मी त्यांच्या भाचीला पाहायला गेलो तेव्हा. मुलीला वडील नव्हते, त्यामुळे चौकशा मामांनीच केल्या. समोर खुर्चीत बसून, स्टिअरिंग मांडीवर घेऊन. नोकरी ग्रंथालयात आहे म्हणालो, तेव्हा त्यांनी स्टिअरिंग किंचित डावीकडे वळवलं. पगार सांगितला, तेव्हा चांगलंच उजवीकडे वळवलं. शेवटी विचारलं, "गाडी चालवता येते?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी स्टिअरिंग सरळ केलं. "मुलगा चांगला आहे," ते आत बघून म्हणाले. "ह्याच्यापासून धोका नाही."

तिसरा बंदोबस्त रोटरचा. इंजिनात ठिणगी वाटून देणारा सुपारीएवढा एक भाग असतो; तो काढला की गाडी म्हणजे नुसता पत्रा. मामा तो रोज काढून घेत आणि नेमके सुपारीच्या डब्यातच ठेवत. "चोर चोरी करायला येतो, पान खायला येत नाही," हा त्यांचा सिद्धान्त. एकदा गुहागरचे एक बागायतदार जेवायला आले होते. जेवणानंतर मामींनी डबा पुढे केला. पाहुण्यांनी बोलता बोलता हात घातला, उचललं, तोंडात टाकलं आणि दाताखाली धरून थोडा वेळ अंदाज घेत राहिले. मग काढून तळहातावर ठेवलं आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "मामा, ही सुपारी आमच्या बाजूची नव्हे."

गाडी "विकणार का?" असं विचारणारा प्रत्येक माणूस मामांच्या लेखी चोरच. फक्त तो उमेदवारी करतो आहे एवढंच. पुण्याहून दोन सभ्य गृहस्थ गाडीचा फोटो काढायला आले, तर मामांनी आधी त्यांचेच फोटो काढून घेतले, समोरून आणि बाजूने. मग दोघांनाही बसवून आमरस-पुरी वाढली. पाहुणचारात त्यांनी कधी हयगय केली नाही. संशय आणि आग्रह हे दोन्ही त्यांच्यात सारख्याच जोमाने नांदत.

मामा एकटे गाडी घेऊन कधी जात नसत. डावीकडे मामी हव्यातच. पदर डोक्याला घट्ट गुंडाळून, हातात बाजाराची पिशवी धरून त्या बसल्या, की मामा किल्ली फिरवत. मासळीबाजाराशी मामी उतरल्या रे उतरल्या की इंजिन बंद. त्या कोळणीशी घासाघीस करून येईपर्यंत गाडी गप्प. "पेट्रोल वाचवतात," मामी सांगायच्या. आम्हाला ते पटायचं; रत्नागिरीत काटकसरीला कारण विचारायची पद्धत नाही. मामा मात्र हसून म्हणत, "तिला तुमच्या मामीशिवाय करमत नाही." आम्ही ते म्हाताऱ्याचं लाडिक बोलणं म्हणून सोडून दिलं.

मामी गेल्या. तेरावं झालं आणि मामांनी बागेच्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, अर्धा चिरा उचलून आणला. घासून, पुसून, मामींच्या जुन्या शालीत गुंडाळून तो त्यांनी डाव्या सीटवर ठेवला. आमचा तांबडा जांभा दगड, ज्याची घरं बांधतात, तोच. मग किल्ली फिरवून एकटे समुद्रापर्यंत जाऊन आले. गावाला वाईट वाटलं. शेजारचे दामूअण्णा माझ्या कानाशी लागले, "जावईबापू, मामांकडं जरा बघा ओ. दगडाला शाल पांघरून फिरवतायत." मी भीत भीत विषय काढला. मामा म्हणाले, "डावीकडे वजन नसलं तर गाडी उजवीकडे ओढते." मला यंत्रातलं काही कळत नाही. मी मान हलवली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. ती ओट्याकडे तोंड करून बराच वेळ नारळ खवत राहिली.

आणि अखेर चोर आला.

तो शिमग्यात आला, भर दुपारी, ढोल वाजत असताना. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. त्या दिवशी देवासमोर जे ठेवायचं ते धुऊन, हार घालून, मोकळं ठेवायचं असं मामांचं मत. "देवापुढे कुलूप लावून वस्तू ठेवायची म्हणजे देवालाच चोर म्हणण्यासारखं आहे," असं म्हणून त्यांनी साखळी सोडली, स्टिअरिंग बसवलं, रोटर बसवला, किल्लीसुद्धा गाडीतच ठेवली आणि राणीला फाटकाबाहेर पालखीच्या वाटेवर उभं केलं. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ज्या माणसाने चोराची वाट पाहिली, त्याने उरलेला एक दिवस त्याच्यासाठी मोकळा ठेवला होता. पालखी अंगणात आली. मामांनी खांदा दिला आणि नाचवायला लागले. एकदा पालखी खांद्यावर घेतली की दुसरा खांदा मिळेपर्यंत ती सोडता येत नाही, आणि खाली तर ठेवता येतच नाही.

एवढ्यात पांढरा सदरा घातलेला एक तरुण शांतपणे गाडीत बसला. डावीकडचा तो दगड त्याने शालीसकट उचलून रस्त्याकडेला टाकला आणि किल्ली फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. त्याने पुन्हा फिरवली. मग मात्र तो गडबडला. आणि गडबडलेला माणूस दिसला की आमची वाडी मदतीला धावते.

"उठत नाय का ओ?" दामूअण्णांनी विचारलं.

"नाही ना. जरा ढकलता का?"

शिमग्याला वाडीत निम्मी माणसं मुंबईहून आलेली असतात. अनोळखी चेहरा म्हणजे कुणाचा तरी मुंबईकर, एवढाच हिशेब. आठ-दहा जण गाडीला भिडले. "हय्या हय्या" करत त्यांनी मामांची गाडी मामांच्या डोळ्यांदेखत उतारापर्यंत ढकलत नेली. उतारावर गाडी पळाली, पण इंजिन काही बोलेना. खाली सपाटीवर ती थांबली, तर सगळे मागोमाग पोहोचले. कुणी म्हणालं बशीरमेस्त्रीला बोलवा. तो ढोल ऐकायला आलेलाच होता. कुणी त्या तरुणाला कोकम सरबत आणून दिलं. त्याला पळून जायचं होतं, पण एका हातात पेला, दुसऱ्या हातात पुरणपोळी आणि सभोवती माया. जाणार कुठे?

वरून मामा हे सगळं पाहत होते. मी त्यांच्या शेजारी होतो. "मामा, गाडी!" मी ओरडलो.

"दिसतंय," ते पालखीला हिसका देत म्हणाले. "नाचा, जावईबापू. जाऊन जाऊन कुठं जाईल?"

खाली माझी बायको ओटीचं सामान घेऊन वर यायला निघाली होती. गर्दी पाहून थांबली. तिने विचारलं, "कुणाचे हो तुम्ही?"

"मामांचा भाचा," तो पोळीचा घास गिळत म्हणाला.

"असं का," माझी बायको म्हणाली. "मामांना एकच भाची आहे. भाचा नाही. आणि ती भाची मी."

मग दामूअण्णांनी अत्यंत दुखावलेल्या आवाजात विचारलं, "म्हणजे मेल्या, आम्ही तुला चोरी करायला ढकलत होतो?" त्यांना चोरीपेक्षा कष्टाचं वाईट वाटलं होतं. पुढे पोलीस आले, ते सगळं रीतसर झालं. पण त्याआधी त्याच आठ-दहा जणांनी गाडी पुन्हा चढावर ढकलत आणली, यावेळी शिव्या देत. तोवर मामांना खांदा बदलून मिळाला होता. ते घामाने निथळत खाली आले, चिरा उचलला, शाल झटकली, सीटवर नीट ठेवला आणि किल्ली फिरवली. इंजिन असं गरजलं की ढोलवाल्यांचा ठेका चुकला.

"मघाशी का नाही सुरू झाली?" बशीरमेस्त्रीने डोकं खाजवत विचारलं.

मामा म्हणाले, "तुझी मामी नको म्हणाली."

तो दिवस मामांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय. पुढे भेटेल त्याला ते सांगायचे, "म्हणत होतो ना येणार म्हणून?" चोराने आपला शब्द राखला याचा त्यांना विलक्षण आनंद होता.

गेल्या वर्षी चैत्रात मामा झोपेतच गेले. त्यांना मूल नव्हतं. गाडी त्यांनी माझ्या बायकोच्या नावे ठेवली होती. बरोबर एक चिठ्ठी: "शिमग्याला पालखीपुढे उभी करावी. स्वतः चालवत न्यावी." यंदा शिमग्याच्या आठवडाभर आधी आम्ही साखळी सोडली, स्टिअरिंग बसवलं, सुपारीच्या डब्यातून रोटर काढला. चिरा आम्ही केव्हाच उचलून तुळशीपाशी ठेवला होता, आठवण म्हणून. बायको रोज त्यावर फूल ठेवते. गाडी सुरू होईना. बशीरमेस्त्री पाच दिवस येत होता. त्याने सगळं उघडलं, पुसलं, बदललं. पालखीच्या दिवशी सकाळी हात पुसत तो म्हणाला, "वहिनी, आता माझ्याच्यानं होत नाय. ढकलत न्यावी लागंल." बायको स्टिअरिंगमागे बसून होती. मामांनी आपल्याला सांगितलेली ही एकच गोष्ट, आणि तीही आपल्या हातून होत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. खालून ढोल ऐकू यायला लागले होते.

मला काय करावं कळेना. यंत्रातलं कळत नाही. तिच्याजवळ बसावं एवढंच कळत होतं. मी डावीकडचं दार उघडलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. सीटखाली काहीतरी बारीकसं खुट् झालं. "एकदाच बघ," मी म्हणालो. तिने किल्ली फिरवली.

राणी गरजली! बशीरमेस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. मी घाबरून उठलो, तशी ती बंद पडली. बसलो, बायकोने किल्ली फिरवली, पुन्हा सुरू. बशीरमेस्त्रीने सीटखाली हात घालून पाहिलं आणि जमिनीवर बसून हसत सुटला. "बोटीवरचं डोकं!" तो म्हणाला. "सीटवर वजन असंल तरच करंट. चोर आधी दगडच फेकून देणार, हे म्हाताऱ्याला ठाऊक!"

बायको हसत नव्हती. ती समोर बघत होती. "मासळीबाजार," ती हळूच म्हणाली. मग मलाही सगळं आठवलं. मामी उतरल्या की गप्प होणारं ते इंजिन. आणि 'तिला तुमच्या मामीशिवाय करमत नाही' म्हणणारे मामा, जे आम्हाला इतकी वर्षं शब्दशः खरं तेच सांगत होते.

आम्ही पालखीपुढे गाडी चालवत नेली. दामूअण्णांनी ढोल थांबवून टाळ्या वाजवल्या. आता हे लिहून टाकल्यावर गुपित फुटलं, हे मला कळतं. पण मामांच्या गाडीला धोका नाही. सीटखाली बशीरमेस्त्रीने आणखी काय केलंय ते मी लिहिलेलं नाही.

चिरा तुळशीपाशीच आहे. संध्याकाळी कधी कधी आम्ही दोघं समुद्रापर्यंत जातो. पोहोचलो की मी दाराच्या मुठीला हात घालतो, तशी बायको म्हणते, "थांबा. इतक्यात उतरू नका." मग आम्ही इंजिन चालू ठेवून तसेच बसून राहतो. पेट्रोल जळतं. पण त्याबद्दल आमच्यापैकी कोणी काही बोलत नाही.